रस्ता बदलला की लक्ष उडण्याचा धोकाही बदलतो

नाशिकच्या चालकाला एकाच दिवसात जेवढ्या तऱ्हेचे रस्ते भेटतात, तेवढे फार थोड्या शहरांतल्या माणसाला भेटत असतील. सकाळी रविवार कारंजाच्या गर्दीतून वाट काढायची, द्वारकेच्या चौकात चारी बाजूंनी येणाऱ्या वाहनांत घुसायचं, मग मुंबई-आग्रा महामार्ग धरून घोटीपर्यंत सुसाट जायचं. पुढे कसारा घाट उतरायचा, नाहीतर इगतपुरीहून समृद्धीवर चढायचं. दुसऱ्या दिवशी तीच गाडी दिंडोरी नाहीतर निफाडच्या बाजूला, द्राक्षबागांमधून जाणाऱ्या दुपदरी रस्त्यावर. आणि या सगळ्या रस्त्यांवर खिशात, डॅशबोर्डवर किंवा हेल्मेटमध्ये कोंबलेला मोबाईल असतोच.

‘गाडी चालवताना मोबाईल नको’ हे आपण इतक्या वेळा ऐकलंय की आता ते कानावरून जातं. पण तोच फोन, तोच चालक आणि तेवढंच बोलणं द्वारकेला एक नुकसान करतं, घाटात दुसरं आणि समृद्धीवर तिसरंच. कुठल्या रस्त्यावर आपल्यातलं नेमकं काय कमी होतं हे समजलं, तर सावध राहायचं म्हणजे काय करायचं हेही समजतं. म्हणून हा लेख.

आधी लक्ष उडणं म्हणजे काय ते पाहू. गाडी चालवताना तीन गोष्टी कामात असतात: डोळे, हात आणि मन. मेसेज वाचताना डोळे रस्त्यावरून हटतात. पाण्याची बाटली शोधताना किंवा मागच्या सीटवरच्या मुलाला आवरताना हात हटतो, बहुतेक वेळा डोळेही हटतात. तिसरी गोष्ट बाहेरून दिसत नाही. डोळे समोर आहेत, दोन्ही हात स्टिअरिंगवर आहेत, आणि मन मात्र काल व्यापाऱ्याशी झालेल्या वादात अडकलंय. कानात ब्लूटूथ घालून बोलणारे बहुतेकजण मनापासून मानतात की आपण नियम पाळतोय आणि सुरक्षितही आहोत. या समजुतीला संशोधनानं गेल्या पंचवीस-तीस वर्षांत पुन्हा पुन्हा धक्का दिलाय.

१९९७ मध्ये कॅनडातल्या टोरांटो भागातल्या अपघातग्रस्त चालकांच्या फोनच्या नोंदी तपासणारा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. फोनवर बोलत असताना अपघाताची शक्यता सुमारे चौपट आढळली, आणि हातात फोन न धरता बोलणाऱ्यांना त्यातून काही सूट मिळालेली दिसली नाही. पुढे २००३ मध्ये अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात डेव्हिड स्ट्रेअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चालकांना गाडी चालवल्याचा आभास देणाऱ्या यंत्रावर बसवलं आणि त्यांची नजर कुठे जाते ते उपकरणानं टिपलं. रस्त्याकडेच्या फलकांवर चालकांची नजर गेल्याचं नोंदीत दिसत होतं. तरीही हँड्स-फ्रीवर बोलत असलेल्यांना नंतर त्यातले फलक ओळखणं बरंच कठीण गेलं. डोळ्यांनी पाहिलं, पण आत पोचलं नाही. अपघातानंतर माणूस शपथेवर सांगतो, ‘साहेब, मी समोरच बघत होतो, तो दिसलाच नाही.’ तो खोटं बोलत असेलच असं नाही.

त्याच धर्तीच्या आणखी एका निष्कर्षाकडे मला लक्ष वेधायचंय, कारण रस्त्यांमधला फरक त्यातूनच उलगडतो. स्पेनमधल्या संशोधकांनी खऱ्या रस्त्यावर गाडी चालवणाऱ्यांना डोक्यात काहीतरी काम दिलं. काम सुरू झालं की त्यांची नजर आखडायची. आरसे बघणं कमी, वेगाचा काटा बघणं कमी, दोन्ही बाजू न्याहाळणं कमी. नजर समोरच्या एका पट्ट्यात खिळून राहायची. बॅटरीचा पसरट झोत कुणीतरी फिरवून बारीक करावा तसं. गंमत म्हणजे, असा चालक लेनमध्ये अगदी सरळ चालतो, कधीकधी एरवीपेक्षाही सरळ. शेजारी बसलेल्याला वाटतं, काय झकास चालवतोय. याउलट मेसेज वाचणाऱ्याची गाडी डोलते, वेग कमी-जास्त होतो. मागच्याला ते दिसतं आणि तो हॉर्न मारतो.

म्हणजे डोळे हटले की गाडीची रेघ बिघडते, आणि मन हटलं की आजूबाजूचं जग गायब होतं. आता प्रत्येक रस्ता चालकाकडून काय मागतो ते पाहिलं, की कुठे कशाची किंमत जास्त हे कळतं.

गावातले रस्ते: धोका बाजूनं येतो

द्वारका, निमाणी, बिटको पॉइंट, रविवार कारंजा. इथे वेग फारसा नसतो, पण दर सेकंदाला काहीतरी बदलतं. सीट मिळाली म्हणून रिक्षा मध्येच थांबते, सिटीलिंकची बस थांब्यावरून रस्त्यात येते, उलट्या दिशेनं दुचाकी येते, दोन उभ्या गाड्यांच्या फटीतून आजी हात दाखवत रस्ता ओलांडायला लागतात. यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट कडेनं येते, आणि डोक्यात संभाषण चालू असलेला चालक नेमका कडाच गमावून बसलेला असतो.

आकडा छोटा आहे पण लक्षात ठेवण्यासारखा आहे. साध्या चालीनं चालणारा माणूस सेकंदाला साधारण १.४ मीटर जातो. म्हणजे दोन सेकंदांत जवळपास पावणेतीन मीटर, फूटपाथवरून थेट तुमच्या लेनच्या मध्यावर. ताशी ४० किलोमीटरनं जाणारी तुमची गाडी तेवढ्या वेळात २२ मीटर पुढे आलेली असते. दोन सेकंद म्हणजे ‘कुणाचा फोन आहे’ एवढं बघण्याचा वेळ. तुम्ही मान खाली घातली तेव्हा रस्ता मोकळा होता. वर केली तेव्हा त्यात माणूस आहे.

गावात लोक मोबाईल काढतात ते मुख्यतः सिग्नलला. मुंबई नाक्याला लाल दिवा लागला की दुचाकी, कार, रिक्षा, सगळ्यांच्या माना एकदम खाली जातात. गाडी तर उभी आहे, मग बिघडलं कुठे? बिघडतं ते दिवा हिरवा झाल्यावर. अमेरिकेत रस्ते-सुरक्षेवर काम करणाऱ्या एएए फाउंडेशनच्या २०१५ च्या अभ्यासात गाडीतल्या, आवाजावर चालणाऱ्या यंत्रणा वापरून झाल्यावर चालकाचं लक्ष पूर्ववत व्हायला किती वेळ लागतो हे मोजलं गेलं. सगळ्यात वाईट यंत्रणांच्या बाबतीत हा काळ २७ सेकंदांपर्यंत गेला. काम संपलेलं होतं, डोळे आणि हात मोकळे होते, तरीही मन परत यायला तेवढा वेळ. सिग्नलवर व्हॉट्सॲप वाचणं हे अगदी तेच काम नाही, हे मान्य. पण मन लगेच परत येत नाही ही गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे. सिग्नल सुटल्यावर सरासरी ताशी २५ किलोमीटर धरला, तरी २७ सेकंदांत गाडी १८० मीटरहून पुढे जाते. तेवढ्यात एखादी शाळा, एखादा रिक्षा थांबा आणि बहुधा पुढचा चौकही मागे पडतो. घरच्या ग्रुपवरचा वाद किंवा मुलाच्या फीचा मेसेज वाचून निघालेला माणूस पुढचा चौक अर्ध्याच डोक्यानं ओलांडत असतो.

गावातल्या अपघातांत गाडीतल्यांना सहसा फारसं लागत नाही, आणि म्हणूनच आपण ते हलक्यात घेतो. लागतं ते बाहेरच्याला: दुचाकीवरच्या मागच्या सीटला, चालणाऱ्याला, शाळेतून येणाऱ्या पोराला. हे मला सगळ्यात जास्त खुपतं. लक्ष एकाचं उडतं आणि हाड मोडतं दुसऱ्याचं.

दिंडोरी, निफाड, लासलगावकडचे रस्ते

दुपदरी रस्ता, मध्ये डिव्हायडर नाही, कडेला साइडपट्टी खचलेली. जानेवारीपासून पुढे द्राक्षांच्या पिकअप गाड्या, कांद्याच्या मोसमात लासलगाव आणि पिंपळगाव बसवंतच्या बाजारसमित्यांकडे निघालेले ट्रॅक्टर. दिवसा हा रस्ता रिकामा वाटतो. तो रिकामेपणाच चालकाला फसवतो, कारण इथे गावासारखी सतत गडबड नसते आणि महामार्गासारखी मोकळी रुंदीही नसते. बराच वेळ काही घडत नाही, आणि घडतं तेव्हा समोरासमोर घडतं.

रात्रीचा एक प्रसंग हिशेबानं पाहू. तुम्ही ताशी ७० नं चाललाय. पुढे कांद्याची ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर ताशी १५ नं चाललाय, मागे दिवा नाही, एखादा मळकट रिफ्लेक्टर तेवढा आहे. तुमच्या हेडलाइटमध्ये तो ८० मीटरवर चमकतो. दोघांच्या वेगातला फरक ताशी ५५ किलोमीटर, म्हणजे तुमच्यातलं अंतर सेकंदाला साधारण १५ मीटरनं कमी होतंय. चालक सावध असेल तर पाहण्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत साधारण दीड सेकंद जातो. रस्ता कोरडा आणि ब्रेक चांगले असतील तर ट्रॅक्टरच्या वेगापर्यंत यायला तुमच्यातलं आणखी १७ मीटर अंतर लागतं. सगळं मिळून ४० मीटर. हातात ८० होते. आरामात निभावलं.

आता तो रिफ्लेक्टर चमकण्याच्या क्षणी तुमची नजर फोनवर गेली आणि दोन सेकंदांनी परत आली असं धरा. दोन आणि दीड मिळून साडेतीन सेकंदांत ५३ मीटर संपले. उरले २७, लागणार १७. छातीत धस्स होतं, पण वाचता. नजर तीन सेकंद खाली राहिली असती तर? साडेचार सेकंदांत जवळपास ६९ मीटर संपले असते, उरले असते ११, आणि लागणार होते १७. सुटका आणि ट्रॉलीखाली घुसणं यांत फक्त एका सेकंदाचं अंतर आहे. पावसाळ्यात किंवा घासलेल्या टायरवर तर तो एक सेकंदही मिळत नाही.

या रस्त्यांवर ओव्हरटेक हा वेगळाच विषय आहे. समोरून येणारी गाडी किती वेगात आहे हे आपण तिचा आकार किती झपाट्यानं मोठा होतोय यावरून ठरवतो, आणि लांब असताना तो आकार जवळजवळ बदलतच नाही. म्हणून अंदाज बांधायला सलग पाहावं लागतं. एकदा पाहिलं, मग स्क्रीन, मग पुन्हा एकदा पाहिलं, असं तुटक पाहणाऱ्याला दोन फोटो मिळतात, वेग कळत नाही. दोन्ही गाड्या ताशी ८० वर असतील तर त्यांच्यातलं अंतर सेकंदाला ४४ मीटरनं घटतं. फोनवर बोलत असाल तर नुसतं ‘ओव्हरटेक करू नका’ एवढंच मी म्हणत नाही. पुढच्या ट्रकमागे गुमान चालत राहायचं आणि आधी फोन ठेवायचा.

आणि पायी चालणारे. चैत्रात खानदेशातून सप्तशृंगी गडाकडे निघालेले भाविक, पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्र्यंबकेश्वरी येणाऱ्या दिंड्या, मुंबईहून शिर्डीला जाणाऱ्या पालख्या, हे सगळे पहाटे अंधारात, रस्त्याच्या अगदी कडेनं चालत असतात. नजर आखडलेल्या चालकासाठी रस्त्याची कड हीच सगळ्यात अंधारी जागा असते. येत्या सिंहस्थात या रस्त्यांवर किती माणसं असतील याची कल्पना प्रत्येक नाशिककराला आहे.

घाटात डोळे स्टिअरिंग फिरवतात

१९९४ मध्ये मायकेल लँड आणि डेव्हिड ली या दोन शास्त्रज्ञांनी ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत एक छोटा पण विलक्षण निबंध छापला. वळणावळणाच्या रस्त्यावर चालक कुठे बघतो हे त्यांनी मोजलं. वळण यायच्या एक-दोन सेकंद आधीच चालकाची नजर वळणाच्या आतल्या कडेवरच्या एका जागी जाते, जिथे रस्त्याची आतली कड सगळ्यात पुढे आलेली दिसते, आणि वळण संपेपर्यंत पुन्हा पुन्हा तिथेच परतते. हात त्यामागोमाग चालतात. स्टिअरिंग किती फिरवायचं ही माहिती मेंदू त्या जागेवरूनच उचलतो.

कसाऱ्याचा जुना घाट, वणीकडून नांदुरीहून गडावर जाणारा रस्ता, पेठ रस्त्यावरचा सावळघाट इथे हे किती खरं आहे ते चालवणाऱ्याला सांगावं लागत नाही. सरळ रस्त्यावर डोळे एक सेकंद हटले तर गाडी जवळपास सरळच राहते. वळणावर डोळे एक सेकंद हटले तर हातांना पुढची सूचनाच मिळत नाही. ते जुन्याच कोनात थांबतात आणि रस्ता मात्र वळत राहतो. त्यामुळे नजर हटवणारं काम, म्हणजे गाणं बदलणं, नकाशा मोठा करणं, मेसेज बघणं, घाटात बाकी कुठल्याही रस्त्यापेक्षा महाग पडतं. पावसाळ्यात धुकं उतरलं की पुढचं जेमतेम वीस-पंचवीस मीटर दिसतं, आणि वळणाची ती आतली कड फार उशिरा नजरेत येते. मग डोळे हटवायला जागाच उरत नाही.

बोलण्याचं काय? इथे शेजारी बसलेला माणूस आणि फोनवरचा माणूस यांतला फरक स्वच्छ दिसतो. घाट उतरताना बायको माहेरच्या लग्नाचं काही सांगत असते. समोर ट्रक रांगतोय, मागून एसटी चिकटलीय. ती वाक्य मध्येच सोडते, म्हणते, ‘अहो, जरा सांभाळून’, आणि ट्रक मागे पडेपर्यंत गप्प बसते. पुढे आपणहून म्हणते, ‘हां, तर मामी काय म्हणाल्या...’ फोनवर असलेल्या मेहुण्याला यातलं काहीच दिसत नाही. तुम्ही दोन सेकंद थांबलात की तो म्हणणार, ‘हॅलो, दाजी, ऐकताय ना? मग किती पत्रिका छापायच्या?’ उत्तर द्यायची घाई नेमकी वळणावर होते. युटा विद्यापीठातल्याच २००८ च्या एका प्रयोगात हे मोजलं गेलं: रहदारी वाढली की सोबतच्या प्रवाशाशी चाललेलं बोलणं आपोआप सोपं होतं, विषय रस्त्याकडे वळतो आणि प्रवासी चालकाला मदतही करतो. फोनवर तसं होत नाही. सोबतीला गप्पा मारणारं माणूस असणं आणि फोन असणं एकच, असं जे म्हटलं जातं ते म्हणूनच टिकत नाही. (मागे भांडणारी दोन मुलं असतील तर मात्र गोष्ट वेगळी, ती रहदारी बघून गप्प बसत नाहीत.)

समृद्धी: जिथे मन स्वतःहून निघून जातं

आता अगदी दुसऱ्या टोकाचा रस्ता. नागपूर ते भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत ७०१ किलोमीटर. डिसेंबर २०२२ मध्ये शिर्डीपर्यंतचा भाग सुरू झाला, आणि जून २०२५ मध्ये इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाल्यावर नाशिककराला मुंबईकडे जाताना कसारा घाटाला पर्याय मिळाला. इगतपुरीजवळचा जवळपास आठ किलोमीटरचा जोडबोगदा डोंगर पोखरून थेट खाली उतरवतो. सपाट भागात कारला ताशी १२० ची मर्यादा, दुचाकी-रिक्षांना बंदी, ना चौक, ना सिग्नल.

गावात चालकावर माहितीचा मारा असतो. इथे उलट: रस्ता काहीच मागत नाही. आणि माणसाचं मन फार कमी काम मिळालं तरी बिघडतं. १९०८ पासून मानसशास्त्रात हे सांगितलं जातंय की ताण अति असला तरी कामगिरी घसरते आणि अगदी कमी असला तरी घसरते. सारखाच काँक्रीटचा पट्टा, इंजिनाचा एकसुरी आवाज, एसीचा गारवा. तासाभरानं मन स्वतःच्या विचारांत जातं, डोळे उघडे राहतात, आणि ‘सिन्नर कधी गेलं कळलंच नाही’ असं माणूस सहज सांगतो. फोनशिवायही लक्ष उडतं ते असं.

म्हणूनच इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, जी वर सांगितलेल्याच्या उलट वाटेल. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठाच्या संशोधकांनी ट्रकमध्ये कॅमेरे बसवून खऱ्या रस्त्यावरच्या नोंदी घेतल्या. २००९ मध्ये आलेल्या त्या निष्कर्षात हँड्स-फ्रीवर बोलणाऱ्या ट्रकचालकांचा धोका वाढलेला दिसला नाही, उलट कमीच दिसला. लांबच्या एकसुरी रस्त्यावर थोडं बोलणं चालकाला जागं ठेवत असावं, असा त्याचा एक अर्थ लावला जातो. माझ्या मते या निष्कर्षाचा आधार घेऊन द्वारकेला ब्लूटूथवर सौदा ठरवणं साफ चूक आहे. तो निष्कर्ष एका प्रकारच्या रस्त्याचा आणि एका प्रकारच्या चालकाचा आहे. आणि समृद्धीवर जागं राहायचा खरा उपाय उतरून चहा पिणं, पाय मोकळे करणं, झोप आली असेल तर गाडी विश्रांतीच्या जागी लावून वीस मिनिटं डोळे मिटणं हाच आहे.

त्याच अभ्यासात मेसेज टाइप करणाऱ्या ट्रकचालकांचा धोका २३ पटीनं वाढलेला आढळला. कारण साधं आहे: सहा सेकंदांपैकी सरासरी ४.६ सेकंद त्यांची नजर रस्त्यावर नव्हती. ताशी १२० वर गाडी सेकंदाला ३३ मीटर जाते. नुसतं नाव वाचायला दोन सेकंद, ६७ मीटर. त्यानंतर पाय ब्रेकवर यायला दीड सेकंद, ५० मीटर. मग थांबायला साधारण ८०. एकूण दोनशे मीटरच्या जवळ. बंद पडलेला ट्रक लेनमध्ये उभा असेल तर ताशी १२० वर तो उभा आहे की चाललाय हे शंभर-दोनशे मीटरवर येईपर्यंत कित्येकदा कळतच नाही. गावात दोन सेकंदांनी बंपर चेपतो. इथे तेवढ्यानं माणूस उरत नाही.

वाईट भाग असा, की फोन काढायचा मोह याच रस्त्यावर सगळ्यात जास्त होतो. माणूस अवघड जागी स्वतःला आवरतो. द्वारकेला फारसं कुणी मेसेज टाइप करत नाही, घाटात बरेचजण फोन वाजला तरी उचलत नाहीत, वेगही आपोआप कमी करतात. ही सावधगिरी खरी आहे आणि अभ्यासांतही दिसते. पण ती रस्ता किती अवघड वाटतो यावर चालते, चुकीची शिक्षा किती मोठी आहे यावर चालत नाही. सोपा वाटणारा रस्ता आणि माफ करणारा रस्ता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात उतरण्याच्या जागांची. बराच वेळ ताशी १२० नं चालवलं की ६० चा वेगही पायी चालल्यासारखा वाटतो. डोळ्यांना वेगाची सवय होते आणि आपण आपला वेग कमी धरतो. समृद्धीवरून घोटी-भरवीर किंवा सिन्नरजवळ गोंदे इथे उतरून साध्या रस्त्याला लागताना, किंवा उड्डाणपुलावरून आडगावकडे उतरताना, चालक जुन्याच वेगाच्या भ्रमात असतो. समोर मात्र दुचाकी, गुरं, स्पीड ब्रेकर आणि वडापावच्या गाडीपाशी थांबलेली जीप असते. आणि नेमकं तिथेच रेंज परत येते, घर जवळ आल्याचा फोन करायची आठवण होते. उतरल्यावरचे पहिले तीन-चार किलोमीटर फोन पूर्ण बंद, हा नियम मी इतर कुठल्याही नियमाच्या आधी ठेवेन.

कायदा यातलं अर्धंच पाहतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये गाडी चालवताना हातात धरून मोबाईल वापरणं धोकादायक चालवण्यात धरलं जातं. पहिल्या वेळी १ हजार ते ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. ऑक्टोबर २०२० पासूनच्या नियमांनुसार फोन फक्त रस्ता शोधायला, आणि तोही एकाग्रता भंगणार नाही अशा रीतीनं वापरता येतो. मनानं हरवलेल्या, ब्लूटूथवाल्या चालकाला कुठलाही हवालदार पकडू शकत नाही. त्यामुळेच सरकारी आकडेही अपुरे वाटतात. २०२१ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ५३ हजार ९७२ माणसं गेली. त्यांतले मोबाईलमुळे १ हजार ४० अशी नोंद आहे, आणि सुमारे ७० टक्के मृत्यू अतिवेगाच्या खात्यात आहेत. वेग खुणांवरून सांगता येतो. गाडी आदळायच्या आधी चालकाच्या मनात काय चाललं होतं हे पंचनाम्यात येत नाही. ब्रेकची खूणच नसलेल्या कितीतरी धडका अतिवेगाच्या रकान्यात गेल्या असणार, असं मला वाटतं.

मग करायचं काय, तर बरंचसं गाडी हलायच्या आधी. नकाशा लावून, आवाज सुरू करून निघायचं. फोन हाताला लागणार नाही अशा जागी ठेवायचा. दुचाकीवर तर डिकीतच. सिग्नलवर तो काढायचाच नाही. घाटात नजर हटेल असं काहीही नाही, आणि एकट्यानं लांब जाताना दर दोन तासांनी थांबायचं.

फोन करणारा माणूसही यात तेवढाच जबाबदार आहे. द्राक्ष भरून निघालेल्या पिकअपच्या चालकाला शेतकरी विचारतो, ‘भाऊ, कुठवर गेला?’ पाठोपाठ गाडीमालक, मग वाशीचा व्यापारी. तिघांनाही उत्तर एकच हवं असतं आणि तिघांचेही फोन रस्ता बघून येत नाहीत. चालकानं नाही उचलला तर पुढच्या खेपेला दुसरी गाडी लागेल ही भीती त्याला असते, म्हणून नुसतं ‘उचलू नको’ असं त्याला सांगून भागत नाही. मालकानं निघतानाच ठरवून द्यावं: लाइव्ह लोकेशन तिघांनाही पाठवलेलं राहील, चालक घोटीच्या टोलनाक्यापुढे थांबून आणि मग कसारा उतरल्यावर थांबून स्वतः फोन करेल, मधे कुणी करायचा नाही. घरच्यांनीही फोन लागला की पहिल्यांदा ‘गाडीवर आहेस का?’ एवढंच विचारावं आणि ‘हो’ म्हटल्याबरोबर ठेवून द्यावा.